वरळीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला काय द्यावे?

डोंबिवलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या नव्या घराची वास्तुशांती येत्या मार्गशीर्षात आहे. त्यांना काय द्यावे, हे आम्हा पाच जणांना तीन आठवडे विचार करूनही ठरवता आलेले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. आम्ही पाचही जण एकाच मजल्यावर वाढलो. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून २० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि पॅसेजच्या टोकाला सर्वांसाठी मिळून नळ व संडास, असे आमचे जग होते. माझी आई दुपारपाळीला जात असे, त्यामुळे शाळेतून आल्यावर माझे जेवण सातवीपर्यंत काकूंकडेच झाले आणि त्याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. पुढे आम्ही एकेक करून डोंबिवली, विरार, पनवेल अशा ठिकाणी पांगलो. काकू मात्र तेथेच राहिल्या. पुनर्विकासाच्या काळात त्या संक्रमण शिबिरात गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ज्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत त्यांचेही घर आहे. त्याच सुमारास काका गेले. काकांचे वर्ष व्हायचे होते म्हणून कुटुंब तेथे राहायला गेले तरी वास्तुशांती थांबवून ठेवली होती. घरात आता काकू, त्यांचा मुलगा, वहिनी आणि एक नात असे चौघे आहेत.

आम्ही प्रत्येकी ३,००० रुपये काढून १५,००० रुपये जमवले आहेत. आतापर्यंत चांदीची गणेशमूर्ती, मायक्रोवेव्ह, मोठे भिंतीवरचे घड्याळ आणि वारली चित्र या चार गोष्टी सुचल्या, परंतु एकीवरही सर्वांचे एकमत नाही. त्यातच पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापले आहे. अशा वेळी काही न नेणे योग्य, की ती ओळ केवळ रीत म्हणून छापलेली समजावी? आणि न्यायचे झाल्यास, ज्या बाईने आम्हाला खाऊ घातले तिच्या घरात खरोखर उपयोगी पडेल असे काय असू शकते? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

विक्रोळीकर यांचे उत्तर

आमच्या इमारतीचा पुनर्विकास होऊन आम्ही दोन वर्षांपूर्वी नव्या घरात आलो, तेव्हा मिळालेल्या वस्तूंची यादी माझ्या वहीत आजही आहे. त्यांत नऊ गणपती, चार घड्याळे, तीन सरबताचे संच आणि दोन मोठ्या फुलदाण्या आहेत. देणाऱ्यांचे प्रेम खरे होते, याबद्दल मला शंका नाही. परंतु गणेशमूर्तीच्या बाबतीत एक अडचण असते, जी देणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मूर्ती कपाटात बंद करून ठेवता येत नाही, दुसऱ्याला देताना मन कचरते आणि देव्हाऱ्यात एकाहून अधिक गणपती पूजू नयेत असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे आमचे आठ गणपती टीव्हीच्या वरच्या फळीवर रांगेने उभे आहेत आणि त्यांच्यावरची धूळ मी दर शनिवारी पुसते. काकूंच्या घरी देव्हारा आधीपासून असणारच, तेव्हा चांदीच्या मूर्तीचा विचार आपण सोडून द्यावा असे माझे मत आहे.

घड्याळ आणि चित्र यांबाबत एक तांत्रिक गोष्ट सांगते. हल्लीच्या उंच इमारतींमध्ये पुष्कळ ठिकाणी भिंती विटांच्या नसतात, तर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या सलग काँक्रीटच्या असतात. बांधकामातील लोक त्या पद्धतीला मिवान म्हणतात. अशा भिंतीत हातोडीने खिळा जात नाही आणि घरगुती साधे ड्रिलही टेकीस येते, त्यासाठी हॅमर ड्रिल घेऊन माणूस बोलवावा लागतो. आमच्याकडे एक सुंदर तसबीर याच कारणाने सहा महिने पलंगाखाली होती. वारली चित्र द्यायचेच असेल, तर ते कोठे लावायचे हे वहिनींना विचारावे आणि ते लावून देण्याचा खर्चही भेटीतच धरावा. डहाणू, जव्हार भागातल्या चित्रकाराकडून थेट घेतलेले चित्र छापील चित्रापेक्षा नक्कीच मोलाचे ठरेल, पण ते काकूंना हवे आहे का, हा प्रश्न उरतोच.

मायक्रोवेव्हबद्दल एवढेच विचारते, की स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मिक्सर आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसल्यावर किती जागा शिल्लक आहे, हे आपण पाहिले आहे का?

माझी सूचना आगळी वाटेल, पण ती अनुभवातून आलेली आहे. छताला बसवायची, दोरीने खालीवर होणारी कपडे वाळत घालण्याची दांड्यांची पुली द्यावी. चाळीत खिडकीबाहेर बांबू असे. टॉवरमध्ये बाहेर कपडे टाकायला बहुधा मनाई असते, आणि जून ते सप्टेंबर चौघांचे कपडे घरात वाळवताना जो दमट वास भरतो तो मुंबईकराला सांगावा लागत नाही. दांडी कमरेपर्यंत खाली येत असल्यामुळे वयस्कर बाईला हात वर करावे लागत नाहीत. फक्त छत प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे नाही ना, हे आधी पाहावे, कारण ओल्या कपड्यांचे वजन खऱ्या स्लॅबनेच पेलायला हवे. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू दिलीत, तर दुकानाचे बिल आणि वॉरंटीचे कागद संकोच न करता सोबत द्यावेत. किंमत दिसू नये म्हणून बिल काढून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यामुळे पुढे दुरुस्तीच्या वेळी त्या माणसांची फार ओढाताण होते.

गिरगावकर यांचे उत्तर

"कृपया आहेर आणू नये" या ओळीचा अर्थ आपण विचारला आहे, म्हणून प्रथम त्याबद्दल लिहितो. माझ्या समजुतीप्रमाणे ही ओळ ज्यांच्याशी परतफेडीचे नाते आहे अशा पाहुण्यांसाठी असते. आहेर हा मूळचा देवघेवीचा व्यवहार आहे. घरोघरी त्याच्या वह्या असत, कोणी किती दिले हे लिहिले जाई आणि त्यांच्या कार्याला तेवढे किंवा थोडे अधिक परत केले जाई. काकूंच्या मुलाला हे ओझे नको असणार आणि त्या इच्छेचा मान राखायलाच हवा. तेव्हा कार्याच्या दिवशी चारचौघांदेखत मोठे खोके घेऊन जाऊ नये, कारण ज्यांनी ती ओळ पाळली त्यांना अवघडल्यासारखे होते. त्या दिवशी नारळ, तांदूळ, फुले एवढेच न्यावे आणि खरी भेट आधी किंवा नंतर, घरात गर्दी नसताना द्यावी.

आता जी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते ती सांगतो. वास्तुशांतीला यजमान म्हणून दांपत्य बसते. म्हणजे पूजेला मुलगा आणि सूनबाई बसणार, येणारा प्रत्येक जण त्या दोघांच्या हाती काही तरी देणार, सूनबाईंची ओटी भरली जाणार, आणि ज्या बाईने १६० चौरस फुटांत संसार केला ती बाजूच्या खुर्चीवर बसून हे सारे पाहणार. माझी धाकटी बहीण तिच्या मुलाच्या वास्तुशांतीला अशीच बसली होती. कोणी तिचा अपमान केला नाही, कोणी वाईट बोलले नाही, परंतु दिवसभरात तिच्या हातात कोणी नारळसुद्धा ठेवला नाही, आणि ते मला फार उशिरा, संध्याकाळी घरी परतल्यावर जाणवले.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे, की आपल्यापैकी कोणीतरी काकूंची ओटी अवश्य भरावी. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळे असावे. जुन्या रूढीप्रमाणे पती निवर्तलेल्या स्त्रीची ओटी भरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एक खेडे जे करू शकते, ते आपण वरळीत करायला कचरण्याचे कारण नाही. मात्र आदल्या दिवशी काकूंच्या कानावर घालावे, त्यांच्या मनाची तयारी नसताना सर्वांसमोर त्यांना अडचणीत टाकू नये. त्यांनी नको म्हटले तर चांगली सुती साडी द्यावी आणि ती त्यांच्याच हातात द्यावी.

धातूची वस्तू द्यायची असल्यास भुलेश्वर-तांबाकाट्याच्या बाजूला पितळ अजूनही वजनावर मिळते. तेथे समई घेताना ती हातात उचलून पाहावी, कारण पोकळ आणि भरीव यांतला फरक हातालाच कळतो. परंतु वरळीची खारी हवा ध्यानात घ्या. समुद्राजवळ पितळ लवकर काळवंडते आणि दोन फुटी समई चिंच-मिठाने घासण्याचे काम शेवटी कोणाच्या वाट्याला येणार, याचा विचार देणाऱ्याने करायला हवा. टीचभर उंचीची, भरीव आणि रोज लावता येईल अशी समई पुरे.

नायगावकर यांचे उत्तर

मी नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मलो, त्यामुळे आपण वर्णन केलेला पॅसेज माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रथम या धाग्यावर पुढे येणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. आपल्या काकूंकडे वास्तुशांती आहे, म्हणजे गणेशमूर्ती तेथे चालली असती. परंतु या चाळींत आम्ही बौद्ध कुटुंबेही फार मोठ्या संख्येने आहोत. आमच्याकडे गृहप्रवेशाला भन्तेजी येतात, त्रिसरण-पंचशील होते, परित्राण पाठ होतो, आणि वास्तुपूजा किंवा गणेशपूजा नसते. तरीही नव्या घरी गणपती किंवा लक्ष्मीची पावले घेऊन येणारे लोक भेटतात. घरचे हसून स्वीकारतात, पण ज्या घराने विचारपूर्वक एक वाट धरली आहे त्या घराला न विचारता दिलेली ती वस्तू परकीच राहते. आमच्या नातेवाइकांत पुस्तके देण्याची पद्धत आहे आणि ती मला प्रिय आहे. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले तेच मुळी ग्रंथसंग्रहाला जागा मिळावी हे डोळ्यांसमोर ठेवून, त्यामुळे नव्या घरात पहिल्या दिवशी पुस्तक येणे आम्हाला स्वाभाविक वाटते. काकूंच्या नातीसाठी तसा विचार अवश्य करावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी आई सध्या पुनर्विकासामुळे तात्पुरत्या सदनिकेत राहते आणि तिची तक्रार जागेची, पाण्याची किंवा लिफ्टची नाही, दाराची आहे. चाळीत सकाळी सहाला दार उघडले की ते रात्री झोपतानाच लागत असे. समोरच्या घरात काय शिजते, कोणाचा मुलगा उशिरा आला, कोणाला ताप आहे, हे सारे त्या उघड्या दारातून कळत होते. आता मुलगा-सून कामावर गेले की दार बंद करावे लागते, बेल वाजली तर साखळी लावून फटीतून पाहावे लागते, आणि दिवसभरात दाराजवळून कोण गेले हे तिला कळत नाही. ती मला म्हणाली, "पूर्वी मला विचारायला माणसं यायची, आता फक्त सामान देणारी मुलं येतात." आम्ही लाकडी दाराच्या आत जाळीचा सेफ्टी डोअर बसवला, त्यानंतर ती दुपारी मुख्य दार उघडे ठेवून जाळीच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. पंधरा दिवसांत समोरच्या आणि कोपऱ्यावरच्या घरांतल्या दोघी तिच्या ओळखीच्या झाल्या.

काकूंचेही असेच असेल, असे मी गृहीत धरत नाही. परंतु त्यांच्या घरी सेफ्टी डोअर आहे का, आणि दुपारी त्या एकट्या असतात का, हे दोन प्रश्न वहिनींना विचारून पाहावेत. बसवायचे ठरल्यास तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, कारण पुष्कळ ठिकाणी सर्व मजल्यांवर एकच नमुना ठेवण्याचा आग्रह असतो. दुसरी, जाळीचे दार घराच्या आतल्या बाजूला उघडणारे असावे. ते बाहेरच्या सामाईक मार्गात उघडले, तर आगीच्या वेळी पळणाऱ्या माणसांना अडथळा होतो. तिसरी, उंच इमारतींत मुख्य दार आगीला काही काळ थोपवणारे, मुद्दाम तसे बनवलेले असू शकते. त्या दाराला किंवा त्याच्या चौकटीला भोके पाडू नयेत, तर भिंतीच्या आतल्या जाडीत स्वतंत्र चौकट बसवून घ्यावी. नव्या चौकटीमुळे खर्च वाढतो, तेव्हा माप घेऊन दर आधी विचारावा.

बोरिवलीकर यांचे उत्तर

मी करसल्लागार आहे, त्यामुळे फक्त पैशांच्या बाजूने थोडक्यात लिहितो. आपल्या १५,००० रुपयांना कोणतीही अडचण नाही. परंतु अनेक मित्र मिळून पाकिटे देणार असतील तर हे लक्षात असावे, की नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. लग्नात मिळालेल्या भेटींना यातून सूट आहे, वास्तुशांतीला नाही. लोक या दोन समारंभांत गल्लत करतात. वस्तूंमध्ये दागिने आणि चित्रे यांसारख्या ठरावीक गोष्टींनाही हा नियम लागतो, घरगुती वापराच्या साध्या उपकरणांना लागत नाही. जाळीचे दार किंवा कपड्यांची पुली यांबाबत निश्चिंत असावे.

डोंबिवलीकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल वहिनींशी तासभर बोलले आणि आम्ही तीन आठवडे चुकीच्या प्रश्नावर खल करत होतो, हे लक्षात आले. आम्ही घराला काय शोभेल ते शोधत होतो आणि काकूंचा दिवस कसा जातो, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

कपड्यांची पुली त्यांनी जूनमध्येच बसवून घेतली आहे. सेफ्टी डोअर नाही. वहिनी म्हणाल्या, की पहिल्या महिन्यात काकू मुख्य दार उघडेच ठेवत, पण नात रांगत बाहेर लिफ्टपर्यंत गेली, तेव्हापासून दार कायम बंद असते आणि काकू दुपारी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसतात. त्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. पाहुणे त्या देखाव्याचे कौतुक करतात, पण काकूंचे म्हणणे असे, की समुद्र हाक मारल्यावर ओ देत नाही. हे ऐकल्यावर आमच्या पाच जणांत चर्चेला काही उरलेच नाही.

सोसायटीकडे काल अर्ज दिला आहे. त्यांच्या मजल्यावर आणखी दोघांनी जाळीची दारे बसवली आहेत, त्यामुळे नमुना तयार आहे आणि परवानगी मिळेल असे सचिवांनी सांगितले. विरारचा भाऊ रविवारी माप घेऊन येईल. दार वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी बसेल, म्हणजे कार्याच्या दिवशी पाहुण्यांना ते भेट म्हणून दिसणारही नाही. नव्या चौकटीसह खर्च आमच्या रकमेच्या थोडा वर जातो आहे, ते वरचे पैसे आम्ही आपसांत वाटून घेऊ.

ओटीबद्दल गिरगावकरांनी जे लिहिले ते मी आईला वाचून दाखवले. आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, की काकूंची ओटी ती स्वतः भरणार आहे. तिलाही बाबा गेल्यापासून कोणी ओटी भरायला बोलावलेले नाही. खण घ्यायला आम्ही दोघी बुधवारी दादरला रानडे रोडवर जाऊ. एक आपल्यासाठीही घे, असे मी तिला सांगितले आहे.

एकच शंका राहिली आहे. दुकानदार साध्या लोखंडी जाळीला रंग मारून देतो म्हणतो आणि स्टेनलेस स्टीलला बरेच अधिक पैसे सांगतो. समुद्रापासून इतक्या जवळ कोणती जाळी घ्यावी?

नायगावकर यांचे उत्तर

स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी आणि तीही ३०४ प्रतीची आहे, असे बिलावर लिहून घ्यावे. रंग मारलेली लोखंडी जाळी खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जागी गंजू लागते आणि नातीच्या हाताला ते बरे नाही. कडी लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी वर, पण काकू खुर्चीवरून न उठता उघडू शकतील इतकी खाली लावायला सांगा. माप घेताना त्यांना त्याच खुर्चीवर बसवून पाहावे.